रेड्याची परीक्षा

यंत्राला बुद्धी यायची तर ती माणसासारखीच असावी लागेल काय, हा प्रश्न आता साहित्याच्या वर्गातही विचारला जातो. यंत्रे मराठीत निबंध लिहू लागल्यापासून आम्हां अध्यापकांना तो टाळता येत नाही. त्याचा विचार करताना आम्हांला आमच्याच अहिल्यानगर जिल्ह्यातील ताहराबादच्या महिपतींनी १७६२ साली पूर्ण केलेल्या 'भक्तविजया'तील एक कथा आठवते.

कथा सर्वांच्या परिचयाची आहे. संन्याशाची मुले म्हणून वाळीत पडलेली चार भावंडे पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे उभी राहिली. सर्वांभूती एकच आत्मा आहे, असे ज्ञानदेवांनी म्हणताच रेड्याकडून वेद म्हणवून दाखवण्याचे आव्हान मिळाले, आणि रेडा वेद बोलला. ही घटना ऐतिहासिक आहे की नाही, हा येथे मुद्दा नाही. परीक्षा कोणती घेतली गेली, हा आहे. ओझे वाहणे, वाट ओळखणे, पाणी हुडकणे ही रेड्याची स्वतःची जाण कोणी तपासली नाही. तो पंडितांसारखा बोलला, तेव्हाच सभेचे समाधान झाले.

१९५० साली ॲलन ट्यूरिंग यांनी यंत्रासाठी सुचवलेली कसोटी याच जातीची होती: संभाषणात ते माणसापासून वेगळे ओळखू येऊ नये. तिच्यावर १९८० साली जॉन सर्ल यांनी आक्षेप घेतला की, चिन्हे नियमानुसार जुळवता येणे म्हणजे अर्थ कळणे नव्हे. आपल्याकडे यास्कांच्या 'निरुक्ता'ने अर्थ न जाणता वेद म्हणणाऱ्याला भारवाहक ठरवून हेच फार पूर्वी बजावले होते. आणि तो दोष माणसाचा म्हणून सांगितला होता, हे विसरू नये.

याउलट १९९७ साली बुद्धिबळात कास्पारॉव्हला हरवणारे 'डीप ब्लू' सेकंदाला सुमारे वीस कोटी स्थिती तपासत होते. कोणताही माणूस असा खेळत नाही. तरी डाव यंत्राने जिंकला. तेव्हा कार्यसिद्धीसाठी साम्य आवश्यक नाही. साम्याची अट बुद्धीची नसून परीक्षकाची असते, असे आमचे मत आहे.

आणि ही अट निरुपद्रवी नाही. पैठणच्या सभेत खरी परीक्षा रेड्याची नव्हतीच. माणसांत घेण्याजोगी आहेत की नाहीत, हे त्या मुलांचे ठरायचे होते. 'आमच्यासारखे' असणे हा निकष झाला की त्यातून प्रथम माणसेच वगळली जातात.

पैठणहून ही भावंडे नेवाशास आली. तेथे शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानदेवांनी गीतेचा अर्थ मराठीत सांगितला. ज्यांना संस्कृत येत नव्हते त्यांनी आधी पंडितांसारखे व्हावे, अशी अट त्यांनी घातली नाही. यंत्राच्या बुद्धीचा निवाडा करतानाही ते आमच्यासारखे बोलते का, एवढ्यावर आपण थांबू नये. ते काय जाणते, कोणासाठी जाणते आणि चुकले तर उत्तरदायी कोण, हे विचारावे. विद्यार्थ्याचा निबंध तपासतानाही आम्हांला हेच प्रश्न विचारावे लागणार आहेत.