सोळाव्या वर्षी शाळा सोडलेल्या प्रोफेसर

आजच्या भागात केमिस्ट्रीच्या एका प्रोफेसरांची गोष्ट. नाव कॅरल रॉबिन्सन.

१९७२ साली, सोळाव्या वर्षी शाळा सोडून त्या इंग्लंडमधल्या केंटमध्ये फायझर कंपनीत लॅब टेक्निशियन झाल्या. तिथं त्यांना मास स्पेक्ट्रोमीटर भेटला, म्हणजे रेणूंचं वजन करणारा तराजू. नोकरी सांभाळत शिकल्या आणि १९८२ मध्ये थेट केंब्रिजची पीएचडी! मग तीन मुलं, आणि आठ वर्षांचा ब्रेक. परतल्या त्या ऑक्सफर्डमध्ये, क्रिस्टोफर डॉबसन यांच्या गटात, ज्युनिअर पदावर.

आता सायन्स. आपल्या पेशीभोवती लिपिडांचा, म्हणजे स्निग्ध पदार्थांचा, पातळ पडदा असतो. त्यात रुतलेली प्रथिनं म्हणजे पेशीची दारं. आज वापरातल्या निम्म्याहून जास्त औषधांचं काम या दारांवरच चालतं. पण पडद्यातून बाहेर काढली की ही प्रथिनं पाण्यात गोळा होऊन बसतात. आणि या तराजूवर तर रेणू निर्वात पोकळीत उडवावा लागतो! तिथं ती अख्खी टिकतील कशी?

२००८ मध्ये रॉबिन्सन यांच्या टीमनं दाखवलं की टिकतात. डिटर्जंटच्या रेणूंच्या वेष्टनात प्रथिन गुंडाळायचं, तसंच पोकळीत न्यायचं, आणि आत वायूच्या रेणूंच्या धडका देऊन वेष्टन उतरवायचं. २०१४ मध्ये पुढची पायरी: प्रथिनाला चिकटलेले लिपिड एकेक करून मोजले. काही लिपिड प्रथिनाला इतरांपेक्षा जास्त घट्ट सांभाळतात, असं दिसलं. म्हणजे लिपिड नुसतं पॅकिंग नाही, मशीनचाच भाग आहे. मला कोडच्या भाषेत सांगायचं तर, ज्याला आपण बॅकग्राउंड समजत होतो, त्याच्यावरच प्रोग्रॅम चालत होता.

२००१ मध्ये त्या केंब्रिजच्या केमिस्ट्री विभागातल्या पहिल्या महिला प्रोफेसर झाल्या, २००९ मध्ये ऑक्सफर्डच्याही.

यावरून 'गॅपनं काही फरक पडत नाही' असं मी म्हणणार नाही. फरक पडतो, म्हणून तर पीएचडी असूनही त्यांना खालून सुरुवात करावी लागली. पण कुणीतरी दार उघडं ठेवलं होतं. आपल्या ऑफिसात उद्या असाच रेझ्युमे आला, तर गॅपच्या आधीची ओळही वाचा. भेटू पुढच्या भागात!