काडतुसाचे वंगण आणि १८५७

१८५७ च्या काडतुसांविषयी विपुल लिहिले गेले आहे. त्या वंगणाचे यांत्रिक प्रयोजन मात्र क्वचितच ध्यानी घेतले जाते. एन्फील्ड रायफलच्या नळीत पेचदार खाचा असून गोळी तोंडाकडून ठासावी लागे. काळ्या दारूच्या ज्वलनानंतर निम्म्याहून अधिक भाग घनरूपाने मागे राहतो. ही काजळी मऊ राहावी व पुढची गोळी न अडकता उतरावी, यासाठी गोळीभोवतीच्या कागदास वंगण लावीत. इंग्लंडात त्याचा मुख्य घटक चरबी हा होता. फोर्ट विल्यम येथेही चरबीच वापरली गेली. ती कोणत्या प्राण्याची, याविषयी मात्र दक्षता घेतली गेली नाही, आणि काडतूस तर दातांनी तोडावयाचे! वस्तुतः मेण व तेल यांवर काम भागण्याजोगे होते. शिपायांनी बाजारातून स्वतःच वंगण आणावे, ही बराकपूरच्या जनरल हिअर्सीची सूचना सरकारने जानेवारीतच मान्य केली. पण फेब्रुवारीतील चौकशीत शिपायांचा संशय तुळतुळीत कागदावर गेलेला दिसतो. २४ एप्रिल रोजी मीरत येथे ८५ स्वारांनी जी काडतुसे नाकारली, ती तर जुन्याच प्रकारची होती.