सोरायटिक संधिवात

सोरायटिक संधिवात हा सोरायसिस या त्वचाविकाराशी निगडित असलेला सांध्यांचा दीर्घकालीन दाहक रोग आहे. प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच ऊतींवर उलटल्याने तो होतो. तो संसर्गजन्य नाही. बहुतेक रुग्णांत चट्टे आधी येतात व सांधे काही वर्षांनी दुखू लागतात; काहींत हा क्रम उलटा असतो.

निदान

आमवातात सहसा आढळणारा ऱ्हुमॅटॉइड घटक या रुग्णांच्या रक्तात बहुधा नसतो. म्हणून केवळ त्या तपासणीवरून हा रोग नाही असे ठरत नाही. पुणे-सोलापूर मार्गावरील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या पाहणीत ग्रामीण भागातील सांधे-स्नायूंच्या दुखण्यांचे मोठे प्रमाण दिसून आले. अशा सर्वसाधारण दुखण्यांच्या गर्दीत हा रोग सहज हरवतो. सकाळचा आखडलेपणा वयावर ढकलण्याची आपल्याकडील सवय त्यात भर घालते.

सांध्यांपलीकडील लक्षणे

नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खळगे पडतात. एखादे बोट संपूर्ण सुजते. टाचेमागे कंडरा हाडाला मिळते तेथे ठणका लागतो. डोक्यातील चट्टे कोंडा समजले जातात. डोळा लाल होऊन दुखणे व उजेड सहन न होणे हे यूव्हिआयटिसचे लक्षण असू शकते. उपचारास विलंब झाल्यास दृष्टीला धोका पोहोचतो. आतड्याचा दाह, मधुमेह, हृदयविकार व नैराश्य यांचीही शक्यता वाढते.

सोलापूरच्या श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयासारख्या मोठ्या रुग्णालयांत त्वचा, अस्थी व नेत्र यांचे विभाग वेगवेगळे असतात. त्यामुळे रुग्णाने प्रत्येक ठिकाणी आपल्या सर्व तक्रारी सांगणे आवश्यक ठरते.

उपचार

सौम्य रोगात दाहशामक वेदनाहारके पुरतात. मेथोट्रेक्सेट सांधे व त्वचा या दोहोंवर उपयोगी आहे, मात्र मणक्याच्या दाहावर त्याचा फारसा परिणाम होत नाही. ते आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतू शकते. गरोदरपणात ते वर्ज्य आहे. स्टेरॉइडच्या गोळ्या एकाएकी बंद केल्यास सोरायसिस उफाळू शकतो.

एवढ्याने भागले नाही तर जैविक औषधे देतात. त्यांची निवड सांध्यांपलीकडील लक्षणांवरही अवलंबून असते. यूव्हिआयटिस असल्यास ॲडॅलिमुमॅब उपयुक्त ठरते, त्याच गटातील इटॅनरसेप्ट तितके नाही; आतड्याचा दाह असल्यास सेक्युकिनुमॅब टाळतात. ही औषधे सुरू करण्यापूर्वी क्षयरोगाची तपासणी करतात, कारण शरीरात सुप्त असलेला क्षय त्यांमुळे जागा होऊ शकतो.