मे महिन्यातला पहिला गुरुवार

१९६८ च्या मे महिन्यात दक्षिण लंडनमधल्या लॅम्बेथच्या बरो कौन्सिलवर जॉन मेजर नावाचा पंचवीस वर्षांचा बँक कर्मचारी हुजूर पक्षातर्फे निवडून आला. एरवीच्या वर्षी त्याला अशी आशा धरायला फारशी जागा नव्हती. पण त्या वर्षी लोक पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांच्या मजूर सरकारवर संतापलेले होते. सहाच महिन्यांपूर्वी पौंडाचे अवमूल्यन झाले होते आणि पाठोपाठ काटकसरीचे उपाय आले होते. लंडनच्या ३२ बरोंपैकी, म्हणजे स्थानिक विभागांपैकी, २८ हुजूर पक्षाच्या हाती गेले. पुढे मेजर घरबांधणी समितीचे अध्यक्ष झाले आणि कामात बुडून गेले. १९७१ साली पुन्हा मतदान झाले, तेव्हा वेस्टमिन्स्टरमध्ये एडवर्ड हीथ यांचे हुजूर सरकार होते, महागाई आणि बेकारी वाढत होती. मेजर पडले. त्याच लाटेवर मजूर पक्षाचा एक तरुण लॅम्बेथच्या सभागृहात आला, त्याचे नाव केन लिव्हिंगस्टन.

मेजर १९६८ साली जिंकले आणि १९७१ साली हरले, त्यात लॅम्बेथच्या घरांचा वाटा नगण्य होता. राग देशाच्या सरकारवर, शिक्षा गल्लीतल्या नगरसेवकाला. वड्याचे तेल वांग्यावर काढण्याची ही रीत ब्रिटनच्या राजकारणात आता इतकी मुरली आहे की सत्तारूढ पक्ष स्थानिक निवडणुकीत जागा राखू शकला तरच बातमी होते. ही रीत कुठल्याही कायद्यात लिहिलेली नाही. ती हळूहळू, तुकड्यातुकड्यांनी जमून आली.

पहिला तुकडा १८३५ चा. त्या वर्षी नगरपालिका सुधारणा कायदा झाला. त्याआधी इंग्लंड-वेल्समधल्या कित्येक शहरांचा कारभार स्वतःच स्वतःला नेमणाऱ्या बंद मंडळींच्या हातात होता. कायद्याने १७८ शहरांतल्या अशा मंडळी मोडून काढल्या आणि घरपट्टी भरणाऱ्या पुरुषांना मत दिले. लेस्टरमध्ये नव्या सुधारकांनी जुन्या मंडळींची चांदीची भांडीकुंडी लिलावात काढली, समारंभाचा राजदंडसुद्धा ठेवला नाही. तेव्हाचे सरकार व्हिग पक्षाचे होते आणि बहुतेक शहरांत त्याच बाजूचे लोक निवडून आले. म्हणजे या पहिल्या खेपेला देशाच्या सरकारला नव्हे, गावच्या जहागीरदारांना दंड झाला. घरपट्टी भरेल त्याला मत, हे तत्त्व पुढे १८७२ च्या कायद्याने मुंबईतही पोचले. तिथे महापालिकेच्या ६४ सदस्यांपैकी निम्मे करदात्यांनी निवडायचे ठरले.

त्या १८३५ च्या कायद्यात एक साधेसे कलम होते: नगरसेवकाची मुदत तीन वर्षे, पण दर वर्षी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होणार आणि १ नोव्हेंबरला त्या जागांसाठी मतदान होणार. सगळे सभागृह एकदम बदलून कारभाराची घडी विस्कटू नये, हा हेतू. मला या सगळ्या कुळकथेत हेच कलम सर्वांत मोलाचे वाटते. पार्लमेंट कधी बरखास्त करायचे हे पंतप्रधान ठरवत असे. १ नोव्हेंबर मात्र त्याच्या सोयीने पुढेमागे होत नसे. सरकारला न विचारता येणारी मतदानाची एक तारीख लोकांच्या हाती पडली. तिचा देशाच्या राजकारणाशी काही संबंध असेल असे कायदा करणाऱ्यांच्या मनात असल्याचे दिसत नाही.

संबंध आणला पक्षांनी. लिव्हरपूलमध्ये उदारमतवाद्यांनी नगरपालिकेच्या शाळा कॅथलिक मुलांनाही खुल्या केल्या, त्यावरून धर्माचे राजकारण पेटले आणि १८४१ साली टोरींनी, म्हणजे हुजूर पक्षाने, ते सभागृह जिंकले. बर्मिंगहॅममध्ये जोसेफ चेंबरलेन यांच्या पिढीने तर प्रभागाप्रभागांत पक्षाच्या समित्या उभ्या केल्या. कोणी कोणत्या उमेदवाराला मत द्यायचे इथपर्यंतचे नियोजन तिथून होई. चेंबरलेन १८७३ ते १८७६ महापौर होते. त्यांनी शहराचे गॅस आणि पाणी खासगी कंपन्यांकडून घेऊन नगरपालिकेकडे आणले, झोपडपट्ट्या पाडून नवा रस्ता काढला. नगरपालिका काय करू शकते याचे ते उदाहरण ठरले आणि पार्लमेंटची निवडणूक जिंकणारी यंत्रणा नगरपालिकेतूनच उभी राहते, याचेही. १८७२ साली गुप्त मतदान आले. आता घरमालकाला किंवा कारखानदाराला न कळता राग व्यक्त करता येऊ लागला.

लंडनची गोष्ट थोडी वेगळी. तिथे १८८९ साली लंडन काउंटी कौन्सिल आले. पक्षांची नावेही निराळी होती: उदारमतवाद्यांच्या बाजूचे ते प्रोग्रेसिव्ह, हुजूर पक्षाच्या बाजूचे ते मॉडरेट. १९०६ साली उदारमतवाद्यांनी पार्लमेंटमध्ये प्रचंड बहुमत मिळवले आणि अवघ्या वर्षभराने, मार्च १९०७ मध्ये, लंडनकरांनी प्रोग्रेसिव्हांची अठरा वर्षांची सत्ता उलथवली. त्या प्रचारातले मुख्य भांडण घरपट्टीचे होते. करदात्याच्या खिशाकडे बोट रोखणाऱ्या माणसाचे त्या वेळचे पोस्टर आजही पुस्तकांत छापले जाते. देशाच्या सरकारबद्दलची नाराजी त्यात किती आणि घरपट्टी किती, हे वेगळे काढता येत नाही. तेव्हा दोन्ही एकत्रच मतपेटीत पडत होते आणि ते निरोगी होते असे मला वाटते. कौन्सिलच्या हातात पैसा होता, अधिकार होता, म्हणून तिच्यावर रागावण्यात अर्थ होता.

१९३१ च्या सार्वत्रिक निवडणुकीत मजूर पक्षाचे पानिपत झाले, पार्लमेंटमध्ये त्याचे ५२ सदस्य उरले. तीन वर्षे झाली नाहीत तोच, मार्च १९३४ मध्ये, हर्बर्ट मॉरिसन यांच्या नेतृत्वाखाली त्याच पक्षाने लंडन काउंटी कौन्सिल ६९ विरुद्ध ५५ असे जिंकले. हरलेल्या पक्षाला श्वास घ्यायला, माणसे तयार करायला, कारभार करून दाखवायला जागा मिळाली. मॉरिसन पुढे पंतप्रधान ॲटली यांच्या सरकारात उपपंतप्रधान झाले. शिक्षेच्या या रीतीची ही दुसरी बाजू नेहमी झाकलेली राहते: सत्ताधाऱ्याला पडलेला फटका म्हणजे विरोधकाला मिळालेली शाळा.

मग त्याच मजूर पक्षाची पाळी आली. युद्धानंतर तो प्रचंड बहुमताने निवडून आला, पण १९४७ चा हिवाळा बर्फाचा आणि कोळशाच्या टंचाईचा निघाला, शिधापत्रिका संपता संपेनात. नोव्हेंबर १९४७ मध्ये नगरपालिकांतल्या शेकडो जागा पक्षाने गमावल्या. एप्रिल १९४९ मध्ये लंडन कौन्सिलचा निकाल लागला तो मजूर ६४, हुजूर ६४, लिबरल १. सभागृहाने स्वतः निवडायच्या ऑल्डरमन सदस्यांच्या बळावर मॉरिसन यांचा पक्ष कसाबसा तरला. दोन वर्षांनी देशाची सत्ता गेली. याच सुमारास शहरांचे मतदान नोव्हेंबरातून मे महिन्यात आले. १९७० च्या दशकातल्या फेररचनेनंतर मे महिन्यातला पहिला गुरुवार हाच दिवस कायम झाला.

मतपत्रिकेवर पक्षाचे नाव छापण्याची मुभा १९६९ च्या कायद्याने मिळाली. तोवर फक्त उमेदवाराचे नाव, पत्ता आणि व्यवसाय असे. १९६८ साली लॅम्बेथच्या मतदारांपुढे जी मतपत्रिका आली, तीवर ‘हुजूर’ हा शब्द नव्हता, आणि तरी ती लाट आली. नाव छापल्यावर काम आणखी सोपे झाले. शेजारच्या उमेदवाराचे नावही न वाचता थेट सरकारला उत्तर देता येऊ लागले.

त्यानंतर आला हिशेब. दर वर्षी वेगवेगळ्या भागांत मतदान होते, त्यामुळे नुसत्या जागा मोजून देशाचा कल समजत नाही. प्लिमथ विद्यापीठातले कॉलिन रॅलिंग्ज आणि मायकल थ्रॅशर यांनी वर्षानुवर्षे प्रभागवार आकडे गोळा केले. बीबीसीसाठी जॉन कर्टिस आणि त्यांचे सहकारी निवडक प्रभागांवरून अंदाज बांधतात: आज सगळ्या ब्रिटनने मत दिले असते तर कोणाला किती टक्के? हा आकडा शुक्रवारी जाहीर झाला की हजारो प्रभागांच्या हजारो गोष्टी एका वाक्यात विरघळतात. १९८० साली कार्लहाइन्झ राइफ आणि हेर्मान श्मिट या अभ्यासकांनी युरोपीय पार्लमेंटच्या निवडणुकीवरून ‘दुय्यम निवडणूक’ ही कल्पना मांडली होती: जिथे सत्ता पणाला लागलेली नसते तिथे लोक कमी संख्येने येतात आणि आलेले लोक सरकारला चिमटा काढतात. ब्रिटनमधल्या मे महिन्याला ती तंतोतंत लागू पडते.

पंतप्रधानांनीही हा हिशेब वापरायला सुरुवात केली. १९७० च्या मे महिन्यात मजूर पक्षाला बरे निकाल मिळाले, विल्सन यांनी धीर करून जूनमध्ये सार्वत्रिक निवडणूक घेतली आणि हरले. मार्गारेट थॅचर यांनी १९८३ आणि १९८७ साली मे महिन्याचे आकडे आधी पाहिले, मग जूनची तारीख ठरवली, आणि दोन्ही वेळा जिंकल्या.

थॅचर यांच्याच कारकिर्दीत ही रीत बिघडली, असे मी म्हणेन. १९८४ च्या कायद्याने कौन्सिलांच्या घरपट्टीवर वरून मर्यादा आली. १९८१ साली मजूर पक्षाने जिंकलेल्या ग्रेटर लंडन कौन्सिलचा नेता झाला होता तोच लॅम्बेथचा लिव्हिंगस्टन. थेम्सपलीकडून पार्लमेंटला दिसेल असा लंडनच्या बेकारांचा आकडा त्याने कौन्सिलच्या इमारतीवर लावला होता. १९८६ साली ते कौन्सिलच बरखास्त झाले. १९९० साली उद्योगधंद्यांवरचा स्थानिक करही केंद्र सरकारकडून ठरू लागला. आणि त्याच वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये पोल टॅक्स आला, माणशी सारखा कर, गरीब-श्रीमंत भेद नाही. ३१ मार्चला ट्रफाल्गर चौकात दंगल झाली. मे महिन्यात हुजूर पक्षाने देशभर मार खाल्ला. अपवाद वाँड्सवर्थ आणि वेस्टमिन्स्टर या लंडनच्या दोन बरोंचा. वाँड्सवर्थचा पोल टॅक्स होता १४८ पौंड, वेस्टमिन्स्टरचा १९५, देशातल्या सर्वांत कमी रकमांपैकी. तिथे हुजूर पक्ष दणदणीत जिंकला आणि पक्षाध्यक्ष केनेथ बेकर यांनी टीव्हीवर तेवढेच दोन निकाल पुढे केले. मला त्या निकालात चलाखीपेक्षा जास्त काही दिसते. कौन्सिलचा निर्णय लोकांच्या खिशाला थेट जाणवला, तिथे लोकांनी कौन्सिलकडे पाहून मत दिले. ज्यांच्या हातात अधिकारच उरले नव्हते त्यांच्याकडे बघून मत देण्याचे कारण मतदाराला कोणते होते? नोव्हेंबरमध्ये थॅचर गेल्या.

त्यांच्या जागी आलेले जॉन मेजर. ४ मे १९९५ ला त्यांच्या पक्षाने दोन हजारांहून अधिक नगरसेवक गमावले. बीबीसीच्या हिशेबात वाटा २५ टक्के. जूनमध्ये मेजर यांनी पक्षनेतेपदाचा राजीनामा देऊन स्वतःच्याच पक्षाला आव्हान दिले आणि ४ जुलैला जॉन रेडवुड यांच्यावर २१८ विरुद्ध ८९ मतांनी मात केली. पण खाली पायाच राहिला नव्हता. देशावर राज्य करणारा पक्ष नगरसेवकांच्या संख्येत लिबरल डेमोक्रॅटांच्याही मागे, तिसऱ्या क्रमांकावर गेला होता. पावसात पत्रके वाटणारा, दारे ठोठावणारा माणूस बहुधा नगरसेवकच असतो. तो गेला की पक्षाचे हातपाय जातात. १९९७ च्या सार्वत्रिक निवडणुकीत त्याचा दारुण पराभव झाला.

पुढच्या वर्षांची यादी लांबवत नाही. २००८ साली मजूर पक्ष २४ टक्क्यांवर आला. विद्यार्थ्यांचे शुल्क वाढवणाऱ्या सरकारात सामील झालेल्या लिबरल डेमोक्रॅटांना २०११ साली त्यांचे नेते निक क्लेग यांच्या शेफील्डनेच घरी पाठवले. ब्रेक्झिटचा घोळ चालू असताना, २०१९ साली, हुजूर पक्षाच्या १,३३० जागा गेल्या. उलटे उदाहरण २०१७ चे: सत्तारूढ हुजूर पक्षाने मे महिन्यात ५६३ जागा कमावल्या आणि पाच आठवड्यांनी पार्लमेंटमधले बहुमत घालवले. २०२२ साली करोनाकाळातल्या डाउनिंग स्ट्रीटच्या पार्ट्यांनी देश चिडला होता. अनेक हुजूर उमेदवारांनी मतपत्रिकेवर ‘स्थानिक’ असे बिरुद लावून पाहिले. तरी १९९० ला तगलेली वाँड्सवर्थ आणि वेस्टमिन्स्टर दोन्ही पडली. वाँड्सवर्थचा स्थानिक कर तेव्हाही देशातल्या सर्वांत कमी करांपैकी होता. या वेळी त्याने कोणाला वाचवले नाही.

१ मे २०२५ ला नवे वळण आले. कीर स्टार्मर यांचे मजूर सरकार दहा महिन्यांचे होते, त्याने जवळपास दोनशे जागा गमावल्या. पण सत्तेत नसलेल्या हुजूर पक्षाच्या ६७४ गेल्या आणि रिफॉर्म यूके या पक्षाने ६७७ जागा आणि दहा कौन्सिले मिळवली. लोकांनी चालू सरकार आणि मागचे सरकार दोघांनाही एकाच दिवशी दंड केला. केंटपासून डरहॅमपर्यंतच्या या कौन्सिलांचा बहुतांश पैसा वृद्धांच्या आणि अपंगांच्या सेवेवर आणि असहाय मुलांच्या देखभालीवर जातो. वेस्टमिन्स्टरला निरोप म्हणून दिलेल्या मताने निवडून आलेल्या माणसांना आता रोज सकाळी हेच काम आहे.

त्याच गुरुवारी एसेक्स, सरे, नॉरफॉक, सफोक, हॅम्पशर अशा नऊ ठिकाणी मतदान केंद्रे उघडलीच नाहीत. काउंटी आणि जिल्हा असे दोन स्तर मोडून एकच कौन्सिल करायची सरकारची योजना आहे, तिच्यासाठी तिथल्या निवडणुका पुढे ढकलल्या गेल्या. मोडणाऱ्या जिल्हा कौन्सिलांपैकी काहींत आजही १८३५ च्या रीतीने वर्षाला एक तृतीयांश सदस्य निवडले जातात. पुनर्रचनेने खर्च वाचेल, कारभार सुटसुटीत होईल, हे सरकारचे म्हणणे खोटे नसेल. मला चिंता वाटते ती तारखेची. लिबरल डेमोक्रॅट आणि रिफॉर्म यूके यांचे क्वचितच कशावर एकमत होते. निवडणुका पुढे ढकलण्याला मात्र दोघांनीही विरोध केला.