साताऱ्याचे न्यायाधीश आणि त्यांचे अनुत्तीर्ण मित्र

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत परीक्षांत यश मिळविलेल्या विद्यार्थ्यांची नामावली आपण दरवर्षी अभिमानाने छापतो, व ते योग्यच आहे. परंतु जे मागे राहिले ते काय शिकले, याची नोंद मात्र कोठेच होत नाही. सातारा व सांगली जिल्ह्यांतील आपल्या अनेक घरांत आज एखादा मुलगा वा मुलगी स्पर्धापरीक्षेच्या अभ्यासात गढलेली आहे. म्हणून या परीक्षांच्या इतिहासातील अपयशाकडेही ज्ञातिबांधवांचे लक्ष वेधावे, असे आम्हांस वाटले.

सनदी नोकरीसाठी लंडन येथे खुली स्पर्धा १८५५ साली सुरू झाली. १८६२ साली सत्येंद्रनाथ टागोर व मनमोहन घोष हे दोन बंगाली मित्र तिच्यासाठी एकत्र विलायतेस गेले. रवींद्रनाथांचे थोरले बंधू असलेले सत्येंद्रनाथ १८६३ साली उत्तीर्ण झाले व या नोकरीत शिरणारे पहिले हिंदी गृहस्थ ठरले. त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली आणि सुमारे तीस वर्षांच्या सेवेअंती ते साताऱ्याच्या न्यायाधीशपदावरूनच निवृत्त झाले. त्या काळी वाळवे, तासगाव, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यातच मोडत. दक्षिण सातारा जिल्हा १९४९ साली वेगळा झाला व त्यास सांगली हे नाव १९६० साली मिळाले. तेव्हा सत्येंद्रनाथांच्या न्यायासनावर आजच्या दोन्ही जिल्ह्यांचा वारसा सांगता येतो.

आणि मनमोहन? त्यांनी १८६४ व १८६५ अशी दोन वेळा परीक्षा दिली आणि दोन्ही वेळा ते अनुत्तीर्ण झाले. मधल्या काळात संस्कृत विषयाचे गुण कमी करण्यात आले होते, व ज्या विषयावर हिंदी उमेदवारांची भिस्त तोच विषय हलका झाला. मनमोहन मात्र खचून बसले नाहीत. ते बॅरिस्टर होऊन परतले, कलकत्त्यास त्यांनी मोठा लौकिक मिळविला आणि न्यायखाते व अंमलबजावणी खाते एका हाती असू नये यासाठी ते झगडले. एक मित्र न्यायासनावर बसला, दुसरा त्यासमोर उभा राहून गरिबांची बाजू मांडू लागला. यांतील कोणाचे आयुष्य वाया गेले, असे म्हणता येईल काय?

दुसरे उदाहरण १८६९ सालचे. त्या वर्षी उत्तीर्ण झालेल्या चार हिंदी तरुणांत सुरेंद्रनाथ बॅनर्जी व मुंबई इलाख्यातील श्रीपाद बाबाजी ठाकूर हे दोघे होते. शालान्त परीक्षेच्या वेळी आपल्याकडील रीतीप्रमाणे वयाचे चालू वर्ष लिहिले गेले होते. त्या हिशेबाने ते २१ वर्षांच्या मर्यादेपलीकडे गेले व त्यांची नावे गाळली गेली. न्यायालयात दाद मागितल्यावर ती पुन्हा लागली, परंतु मनस्ताप व्हावयाचा तो झालाच. आपल्या खेड्यांतून शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट १ जून ही जन्मतारीख लावल्याचे कितीतरी दाखले आजही घरोघरी सापडतात. कागदावरील लहानशी चूक पुढे केवढी होते, हे वाचकांनी ध्यानी घ्यावे.

प्रत्येक अपयश उमेदवाराच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे होईल. १८७८ पासून वयोमर्यादा २१ वरून १९ वर आणली गेली, तेव्हा हिंदी मुलांची वाटच अडली. आणि ही परीक्षा हिंदुस्थानात होऊ लागली ती १९२२ साली. नियम आपल्या काळातही बदलत आले आहेत. १९७९ पासून पूर्व व मुख्य अशी रचना झाली व उत्तरे मराठीतून लिहिता येऊ लागली. २०११ साली पूर्वपरीक्षेत कल चाचणीचा पेपर आला; २०१५ पासून त्यात ३३ टक्के मिळविणे तेवढे आवश्यक राहिले. राज्याच्या आयोगानेही वर्णनात्मक पद्धती २०२३ पासून आणण्याचे ठरविले व उमेदवारांच्या आंदोलनानंतर ती २०२५ वर ढकलली. जुन्या टिपणांवर विसंबणाऱ्याची गत मनमोहनांसारखीच होते.

आता आमच्या घरची गोष्ट संकोच सोडून सांगतो. आमचा पुतण्या पुण्यास खोली घेऊन चार वर्षे अभ्यास करीत होता. आम्ही पैसे पाठवीत गेलो, नवस बोललो, आणि निकाल लागला की एवढेच विचारीत आलो, "झालास का पास?" त्याची गुणपत्रिका आम्ही एकदाही उघडून पाहिली नाही. पुढे ती पाहिली तेव्हा कळले की तिन्ही मुख्य परीक्षांत तो निबंधाच्या पेपरातच मागे पडला होता. आम्ही मात्र प्रत्येक वेळी "सामान्यज्ञान वाढव" असा उपदेश करीत होतो. नापास होऊन गावी आल्यावर लोक काय म्हणतील या भीतीने तो दोन दिवाळ्या घरी आलाच नाही. ही चूक त्याची नव्हे, आमची होती. आज तो शिक्षक आहे, व सुटीत गावच्या मुलांकडून निबंध लिहून घेतो.

खुल्या वर्गाच्या उमेदवारास केंद्रीय परीक्षेत ३२ वर्षे वयापर्यंत सहाच संधी मिळतात. त्यांतील एकेक संधी तीच ती चूक करण्यात खर्ची पडावी, यासारखे दुर्दैव नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापून व पुढे साताऱ्यास वसतिगृह काढून खेड्यातील मुलांस शिक्षणाची वाट खुली केली. त्या वाटेवर ठेच कोठे लागते, हे मागून येणाऱ्यास सांगणे आपले काम आहे.

म्हणून आमची नम्र सूचना अशी की, मंडळाने गुणगौरवाच्या यादीबरोबर एक वहीही ठेवावी. परीक्षा दिलेल्या प्रत्येक मुलामुलीने, उत्तीर्ण असो वा अनुत्तीर्ण, आपली एक चूक व तिचे कारण तीत नाव न घालता लिहावे. आणि पुढील वर्षी अर्ज भरणाऱ्याच्या हाती ती वही प्रथम द्यावी. तसेच गुणगौरव समारंभास अनुत्तीर्णांनाही आग्रहाने बोलवावे. आपली मुले दिवाळीस घरी यावीत, एवढीच या लेखामागील आमची इच्छा आहे.