घराला कुलूप, मांजर आत
प्रवासाला जाताना पाळीव मांजराची व्यवस्था कशी लावावी?

गौरी-गणपतीचे दिवस जवळ आले की विठ्ठलवाडीच्या एसटी आगारात कोकणात जाणाऱ्यांची लगबग सुरू होते. कल्याण पूर्व, उल्हासनगर आणि डोंबिवलीतील अनेक घरांना या काळात आठ-दहा दिवस कुलूप लागते. दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीतही हेच चित्र दिसते. गॅस बंद केला जातो, नळ तपासले जातात, दागिने बँकेत ठेवले जातात. ज्या घरात मांजर आहे तेथे मात्र अखेरच्या दिवसापर्यंत एक प्रश्न शिल्लक राहतो आणि बहुतेकदा त्याचे उत्तर दोन वाट्या खाद्य, एक भांडे पाणी आणि 'मांजराचे काय, ते राहते एकटे' या वाक्याने दिले जाते. हे उत्तर अपुरे आहे आणि प्रसंगी मांजराच्या जिवावर बेतणारे आहे.

मांजर एकटे राहू शकते, हा समज पूर्णपणे खोटा नाही. परंतु एकटे राहणे आणि कोणाच्याही नजरेस न पडता राहणे, यांत मोठा फरक आहे. मालक गावी असताना मांजराला सर्वाधिक गरज असते ती रोज एकदा तरी दार उघडून त्याच्याकडे पाहणाऱ्या माणसाची.

मांजराचे घराशी नाते

पाळीव मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिका आणि पश्चिम आशियातील रानमांजर. हा प्राणी एकट्याने शिकार करणारा आणि स्वतःचा परिसर राखणारा. माणसाच्या सहवासात हजारो वर्षे काढूनही (सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेल्या सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या मांजराचा शोध २००४ मध्ये प्रसिद्ध झाला) मांजराचा हा स्वभाव फारसा बदललेला नाही. घरातील कोपरे, खिडकीची कड, स्वतःच्या गालाचा वास लागलेली दारांची चौकट यांवर त्याची सुरक्षिततेची भावना अवलंबून असते. म्हणूनच अनोळखी जागी नेलेले मांजर पलंगाखाली दडून बसते, खाणे सोडते.

याचा अर्थ त्याला माणसाची ओढ नसते असा नाही. अमेरिकेतील ओरेगॉन स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुमारे ६४ टक्के पिल्लांचे आपल्या पालकाशी विश्वासाचे, सुरक्षित नाते असल्याचे आढळले होते. मालकाची अनुपस्थिती मांजराला जाणवते. पण मालकाबरोबर घरही हिरावले गेले तर त्याचा ताण दुप्पट होतो. व्यवस्था ठरवताना ही गोष्ट आधी ध्यानात घ्यावी.

पर्याय कोणते?

मांजराला सोबत नेणे, पाळणाघरात किंवा दुसऱ्याच्या घरी ठेवणे आणि स्वतःच्याच घरी ठेवून कोणाला तरी रोज येण्यास सांगणे, असे तीन मार्ग असतात. निरोगी, प्रौढ मांजरासाठी यांपैकी तिसरा मार्ग बहुधा सर्वांत सुखाचा ठरतो.

सोबत नेण्याचा मार्ग लांबच्या मुक्कामासाठीच विचारात घ्यावा. लांब पल्ल्याच्या रेल्वेगाडीत वातानुकूलित द्वितीय व तृतीय श्रेणीत तसेच शयनयान डब्यात पाळीव प्राणी नेता येत नाही. त्यासाठी वातानुकूलित प्रथम वर्गाचा पूर्ण कूपे किंवा केबिन आरक्षित करावी लागते. शिवाय गावचे घर उघडे असते, अंगणात कुत्री असतात आणि बिथरलेले मांजर एकदा पळाले की अनोळखी गावात त्याला परतीची वाट सापडत नाही. चार-आठ दिवसांच्या गणपतीसाठी हा धोका पत्करू नये.

किल्ली कोणाकडे?

चाळीत हा प्रश्न नव्हता. सामाईक गॅलरीत मांजर सर्वांचेच असे आणि एका घराला कुलूप लागले तरी शेजारच्या काकूंच्या ओट्याजवळ त्याची सोय होई. सदनिकेच्या बंद दारामागे ही आपोआप होणारी सोय संपली. ती आता विचारपूर्वक उभी करावी लागते.

शेजारी, नातेवाईक, इमारतीतील महाविद्यालयीन विद्यार्थी किंवा मोबदला घेऊन हे काम करणारी व्यक्ती, यांपैकी कोणीही चालेल. मात्र त्या व्यक्तीला मांजराची भीती अथवा अॅलर्जी नसावी. प्रवासापूर्वी तिला किमान दोन-तीन वेळा घरी बोलवावे आणि मालकाच्या उपस्थितीत तिच्या हातून मांजराला खाऊ घालावे. काम मैत्रीखातर असले तरी दिवस, वेळ आणि खर्च स्पष्ट बोलून घ्यावा. संकोचापोटी अर्धवट ठेवलेले बोलणे पुढे मांजराला भोवते.

दुसरी किल्ली दुसऱ्या व्यक्तीकडे असणे तितकेच आवश्यक आहे. किल्ली सांभाळणारी पहिली व्यक्ती आजारी पडू शकते आणि मालकाचे परतणेही लांबू शकते. या परिसराला याचा अनुभव आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. उल्हास आणि वालधुनी नद्यांच्या पुराने बदलापूर, उल्हासनगर, कल्याण जलमय झाले आणि हजारो लोक घरी पोहोचू शकले नाहीत. विठ्ठलवाडी ज्या कल्याण-कर्जत मार्गावर आहे, त्याच मार्गावर २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले. मार्च २०२० मध्ये तर देशव्यापी टाळेबंदीमुळे दोन दिवसांसाठी गेलेली माणसे कित्येक आठवडे जिथल्या तिथे राहिली. म्हणून खाद्य आणि वाळू ठरलेल्या दिवसांपेक्षा किमान एक आठवडा जास्त पुरेल इतकी घरात असावी. तळमजल्यावर किंवा नदीनाल्याजवळ राहणाऱ्यांनी पावसाळ्यात पाणी वाढल्यास मांजराला कोणाच्या घरी न्यायचे, हेही आधीच ठरवावे.

खाणे, पाणी आणि वाळू

दिवसातून एक फेरी ही किमान गरज. दोन असल्यास उत्तम. सहा महिन्यांखालील पिल्लू, वृद्ध मांजर किंवा इन्सुलिनसारखे नियमित औषध चालू असलेले मांजर यांच्यासाठी एक फेरी पुरेशी नाही. अशा वेळी कोणी घरी मुक्कामाला असावे किंवा पशुवैद्यकांच्या देखरेखीखालील व्यवस्था शोधावी.

प्रवासाच्या तोंडावर खाद्य बदलू नये. कोरड्या खाद्यात पाण्याचे प्रमाण जेमतेम दहा टक्के, तर डबाबंद ओल्या खाद्यात ते सुमारे पंचाहत्तर ते ऐंशी टक्के असते. केवळ कोरडे खाद्य खाणाऱ्या मांजराला म्हणूनच पाणी अधिक लागते. चार किलो वजनाच्या मांजराला दिवसाला साधारण २०० मिलिलिटर पाण्याची गरज असते. एकच भांडे सांडले की संपले. त्यामुळे निरनिराळ्या खोल्यांत रुंद तोंडाची, जड बुडाची तीन-चार भांडी ठेवावीत. दूध हा पाण्याला पर्याय नाही. अनेक प्रौढ मांजरांना ते पचत नाही आणि उकाड्यात ते लवकर नासते. शिजवलेली मासळी किंवा ओले खाद्य फेरीच्या वेळीच द्यावे आणि उरलेले उचलून टाकावे. मुंग्यांपासून बचावासाठी खाद्याची वाटी पाण्याच्या ताटलीत ठेवण्याचा जुना उपाय आजही उपयोगी आहे. वेळेवर खाद्य देणारी स्वयंचलित यंत्रे मदतीला ठीक. पण मांजराने खाल्ले की नाही, हे यंत्र सांगत नाही.

वाळूची पेटी रोज साफ झाली पाहिजे. मांजरांच्या संख्येपेक्षा एक पेटी अधिक, हा सर्वमान्य नियम मालक घरी नसताना विशेष पाळावा. पेटी घाण राहिली तर मांजर पलंगावर किंवा कपड्यांवर विधी उरकते, अथवा लघवी रोखून धरते.

घर बंद करण्यापूर्वी

बंद घरात झुरळ, कसर होऊ नये म्हणून केली जाणारी तयारी मांजराच्या मुळावर येऊ शकते. कपाटातील डांबराच्या गोळ्या, उंदराचे औषध, फरशीवर ओतलेले तीव्र फिनेल हे सारे मांजराला विषारी आहे. काही रसायने निष्प्रभ करण्याची क्षमता मांजराच्या यकृतात अत्यल्प असते आणि पायाला लागलेले द्रव्य ते चाटून पोटात घेते. परमेथ्रिन असलेली कीटकनाशके आणि कुत्र्यांसाठीची गोचिडांची औषधे यांनी मांजराला झटके येतात. घरी पेस्ट कंट्रोल करायचे असल्यास ते परतल्यावर करावे. फुलदाणीतील लिली काढून टाकावी. तिच्या परागांनीही मांजराची मूत्रपिंडे निकामी होतात. पॅरासिटामॉलची एक गोळीही प्राणघातक ठरू शकते, हे किल्ली सांभाळणाऱ्यास आवर्जून सांगावे.

सर्व खिडक्या बंद केल्यास उन्हाळ्यात खोली तापते आणि उघड्या ठेवल्यास मांजर पडण्याचा धोका असतो. मजबूत जाळी असलेल्या खिडक्याच उघड्या ठेवाव्यात; डासांची नायलॉनची जाळी मांजराच्या नखांपुढे टिकत नाही. कपाटे आणि धुलाईयंत्राचे दार बंद करून आत मांजर नाही याची खात्री करावी. न्हाणीघराचे दार वाऱ्याने बंद होऊन मांजर अडकू नये म्हणून त्याला अडसर लावावा. दिवाळीत फटाक्यांच्या आवाजाने मांजर दडते; तेव्हा त्याच्या लपण्याच्या जागा किल्ली सांभाळणाऱ्यास ठाऊक असाव्यात आणि दार उघडताना ते पायांतून निसटणार नाही, याची त्याने काळजी घ्यावी.

पाळणाघर निवडताना

घरी येणारे कोणीच नसेल तर पाळणाघराला पर्याय नाही. जागा प्रत्यक्ष पाहूनच निर्णय घ्यावा. मांजरांची खोली कुत्र्यांपासून वेगळी आहे काय, भुंकण्याचा आवाज तेथे पोहोचतो काय, प्रत्येक मांजराला स्वतंत्र पेटी आणि लपण्यास आडोसा आहे काय, हे पाहावे. नेदरलँड्समधील एका निवारागृहात केलेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लपण्यासाठी खोके मिळालेली मांजरे नव्या जागी लवकर स्थिरावल्याचे दिसले होते. साध्या पुठ्ठ्याच्या खोक्याचेही मोल त्यावरून कळते.

जे पाळणाघर लसीकरणाचे कार्ड मागत नाही, ते टाळावे. मांजरांतील पॅनल्यूकोपेनिया हा जीवघेणा आजार पसरविणारा विषाणू जमिनीवर, भांड्यांवर कित्येक महिने टिकून राहतो. लसीच्या मात्रांत तीन-चार आठवड्यांचे अंतर असते. म्हणून कधीच लस न दिलेल्या मांजराची तयारी तिकिटाच्या आरक्षणाबरोबरच सुरू करावी. मांजराची चादर आणि मालकाचा न धुतलेला एखादा कपडा सोबत दिल्यास ओळखीचा वास मिळतो.

ही लक्षणे दिसल्यास

रोज पाहणारा माणूस का हवा, याचे उत्तर दोन आजारांत आहे. मांजराने चोवीस तास काहीच खाल्ले नाही तर पशुवैद्यकांना विचारावे. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या यकृतात चरबी साठून ते निकामी होऊ लागते. हिरड्या आणि कानांच्या आतील त्वचा पिवळसर दिसते. ओसंडून वाहणारी खाद्याची वाटी मागे ठेवली म्हणजे मांजर खाईलच, असे नाही. ताणामुळे ते भरल्या वाटीशेजारी उपाशी राहते.

दुसरा आजार बोक्यांचा. बोका वारंवार पेटीत बसतो, कण्हतो, पण लघवी होत नाही, अशी स्थिती मूत्रमार्ग अडल्याचे लक्षण असू शकते. अशा वेळी दुसऱ्या दिवसाची वाट पाहणे म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणे. त्याला त्वरित दवाखान्यात न्यावे.

त्यासाठी मांजराची टोपली माळ्यावर न ठेवता हाताशी ठेवावी आणि काही आठवडे आधीपासून उघडी ठेवून मांजराला तिची सवय करावी. फ्रिजच्या दारावर एक चिठ्ठी लावावी. तीत मांजराचे वय, खाण्याचे प्रमाण, औषधे, पशुवैद्यकांचा पत्ता व दूरध्वनी आणि रात्री-बेरात्री जाता येईल अशा दवाखान्याचे नाव असावे. नेहमीचे डॉक्टरही सणाला गावी जाऊ शकतात, हे विचारून ठेवावे. परळचे बैलघोडा हॉस्पिटल मुंबई-ठाणेकरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. परंतु विठ्ठलवाडीहून तेथवरचा प्रवास लांबचा आहे, म्हणून जवळचा दवाखाना आधी पाहून ठेवणे शहाणपणाचे. मालकाशी संपर्क न झाल्यास उपचार करण्यास संमती आणि खर्चाची मर्यादा लिहून दिल्यास मोलाचा वेळ वाचतो.

जबाबदारी कायद्याचीही

पाळलेल्या प्राण्याला पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे, तसेच तो भुकेने-तहानेने तडफडेल अशा स्थितीत त्याला सोडून देणे, हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ नुसार गुन्हा आहे. मूळ कायद्यातील पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये इतका नाममात्र असला, तरी प्रवासापूर्वी मांजराला बाजारात किंवा दुसऱ्या वसाहतीत 'सोडून येणे' ही सोय नव्हे, हे त्यातून स्पष्ट होते.

परतल्यावर मांजर काही तास फटकून वागले तरी रागावू नये. त्याला स्वतःहून जवळ येऊ द्यावे आणि पुढचे दोन-तीन दिवस त्याचे खाणे व लघवी यांवर लक्ष ठेवावे. किल्ली सांभाळणाऱ्या शेजाऱ्यांकडे गावाहून आणलेला प्रसाद आणि खोबऱ्याची वडी घेऊन जाण्यासही विसरू नये, कारण पुढच्या गणपतीतही ती किल्ली त्यांच्याचकडे द्यायची असते.