वर्गणीची यादी

तळा तालुक्यात राजपुरीच्या खाडीकाठी कुड्याची लेणी आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी या लेण्यांची खोदाई सुरू झाली, आणि ज्यांनी खर्च उचलला त्यांची नावे तिथेच कोरली गेली. मांदाडच्या महाभोजांच्या घराण्यातली माणसे, माळी, कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी आणि सोमदेव नावाचा एक वैद्य. या वैद्याने आपल्या दानलेखात बापाबरोबर मुलांची आणि मुलींचीही नावे घातली. कोकणातल्या एखाद्या ग्रामस्थ मंडळाचा छापील अहवाल ज्याने चाळला असेल, त्याला ही यादी ओळखीची वाटेल. कोणी काय दिले, कोणाकोणाच्या नावे दिले, सगळे चारचौघांत मांडलेले. साथीच्या दिवसांत सेवाभावी संस्था कशावर तगते, या प्रश्नाचे उत्तर मला अशा यादीत दिसते. धाडस करणारी माणसे ऐन साथीतही पुढे येतात. यादी, हिशेब आणि विश्वास मात्र साथ येण्याआधीच जमवलेले असावे लागतात.

१८९६च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढच्या काही महिन्यांत साडेआठ लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या त्या शहरातून जवळजवळ निम्मी माणसे बाहेर पडली. ४ फेब्रुवारी १८९७ला साथरोग कायदा झाला आणि घरझडतीपासून सक्तीने इस्पितळात नेण्यापर्यंत सगळे अधिकार सरकारच्या हाती आले. सत्ता पुरेपूर होती, पण विश्वास नव्हता, म्हणून लोक रोग्याला लपवू लागले. या कोंडीतून वाट काढली ती लोकांनीच चालवलेल्या इस्पितळांनी. मुंबईत निरनिराळ्या समाजांनी आपापली इस्पितळे काढली, पुण्यात टिळकांनी हिंदू प्लेग हॉस्पिटल उभे केले. गिरणी कामगारांसाठी झटणारे नारायण मेघाजी लोखंडे याच साथीत रोग्यांची सेवा करताना ९ फेब्रुवारी १८९७ रोजी गेले. महिनाभराने, १० मार्चला, सावित्रीबाई फुले गेल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग या प्लेग झालेल्या मुलाला त्यांनी हडपसरजवळ आपला मुलगा डॉ. यशवंतराव यांच्या दवाखान्यात नेले होते.

या दोघांच्या त्यागापुढे मान झुकते, पण इतिहासाला आणखी एक प्रश्न विचारावाच लागतो: त्यांच्यामागे काय उरले? लोखंड्यांनी १८८४मध्ये उभ्या केलेल्या गिरणी कामगारांच्या संघटनेकडे ना सभासदांची नोंदवही आहे, ना निधी, ना नियम, असा शेरा १८९२च्या सरकारी अहवालात आहे. शेरा मारणारे सरकार काही कामगारांचे कैवारी नव्हते, तरी लोखंडे गेल्यावर संघटना ओसरली, हे खरे. याउलट ना. म. जोशींकडे पाहा. ते जुन्या कुलाबा जिल्ह्यातल्या, तळ्यापासून फार दूर नसलेल्या गोरेगावचे. त्यांनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली, रात्रशाळा आणि वाचनालये चालवली, चाळीचाळीत कार्यकर्ते तयार केले. १९१८च्या जूनमध्ये इन्फ्लुएन्झा मुंबईत आला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात त्याने कहर केला, तेव्हा कोणत्या चाळीत कोण राहते हे लीगला नव्याने शोधावे लागले नाही. जोशी लोखंड्यांपेक्षा शूर होते असे कोणी म्हणणार नाही. त्यांनी काम अशा रीतीने बांधले की एका माणसाच्या जाण्याने ते थांबू नये, एवढाच फरक.

कोरोनाच्या साथीत, १३ मार्च २०२०ला, महाराष्ट्रात तोच १८९७चा कायदा पुन्हा लागू झाला. तळ्यासारख्या तालुक्यात म्हातारी माणसे गावी आणि कमावती मुले मुंबईत, ही घडी पिढ्यांची आहे. साथीने या घडीच्या मधोमध भीती आणून ठेवली. चाकरमान्यांना घराची ओढ, गावाला मुंबईहून येणाऱ्यांची धास्ती. त्यातच ३ जूनला निसर्ग चक्रीवादळाने दक्षिण रायगडात घरांवरची कौले-पत्रे उडवली, बागा आडव्या केल्या. मग मुंबईहून गावाकडे यायला आणखी एक कारण झाले. गणपतीला येणाऱ्यांनी किती दिवस वेगळे राहायचे, हे मंत्रालय ठरवू शकते. कोणाला शाळेत ठेवायचे, डबा कोणी पोचवायचा, दारातून परत फिरवलेल्याची समजूत कोणी घालायची, हे फर्मानाने ठरत नाही. ते ठरवू शकतो तो दोन्हीकडचा माणूस. गावचे मुंबई मंडळ, म्हणजे मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांचे ग्रामस्थ मंडळ, दोन्हीकडचे असते. ज्या मंडळाचे पावतीपुस्तक चोख आणि ताळेबंद दरवर्षी सभेपुढे येतो, त्याच्या शब्दाला अशा वेळी वजन येते. ज्याचा हिशेब दहा वर्षे खजिनदाराच्या ट्रंकेत पडून आहे, त्याच्या शब्दाला कोण विचारणार?

यावर पहिला आक्षेप असा की मंडळ म्हणजे आपल्यापुरते पाहणारी संस्था: एक गाव, पुष्कळदा एक वाडी, एक जात. आक्षेप रास्त आहे. १८९७ची इस्पितळेही जातीधर्मावारी होती, आणि ज्या आदिवासी वाडीचे मुंबईत कोणी नाही तिचे मंडळही नसते. पण दोष यादी ठेवण्यात नाही, ती कुठे थांबते त्यात आहे. सावित्रीबाईंचे मोठेपण नेमके ती रेघ ओलांडण्यात होते. दुसरा आक्षेप असा की साथ आवरणे हे सरकारचे काम. तेही खरे, ऑक्सिजन आणि लस वर्गणीतून येत नाही. पण विश्वासावाचून दिलेला हुकूम रोग्याला माळ्यावर लपवायला लावतो, हे १८९७ने दाखवले आहे. तेव्हा पुढच्या साथीची तयारी आजच्या साध्या सभेत होते. हिशेब वेळेवर मांडायचा, दुसरी फळी तयार ठेवायची आणि यादीत कोणाचे नाव नाही ते तपासायचे. कुड्याच्या वैद्याने मुलींची नावे दगडात कोरली. बऱ्याच मंडळांच्या कार्यकारिणीत ती आजही शोधावी लागतात.